नाळेचं रक्त आणि दादांचा पाय

आमच्या इंदुरात पूर्वी नाळ अंगणात पुरत. आता तिच्यातलं रक्त गोठवून ठेवायचं पॅकेज घेऊन माणूस घरी येतो. पुतणीचे दिवस भरत आलेत. "आजोबांच्या मधुमेही पायाच्या रक्तवाहिन्याही दुरुस्त होतील," म्हणे! या रक्तात रक्तवाहिन्यांचं अस्तर घडवणाऱ्या पेशी सापडतात हे खरं, पण तो उपचार अजून संशोधनातच आहे. रक्ताच्या आजारांचं वेगळं: १९८८ साली पॅरिसमध्ये बहिणीच्या नाळेतल्या रक्ताने एक मुलगा बरा झाला. घरात तसा आजार असेल तर जरूर ठेवा. एरवी आयसीएमआरसुद्धा खासगी साठवणीची शिफारस करत नाही. मी घरात सांगून टाकलंय, हप्ते भरायचे नाहीत. त्या पैशात आधी दादांच्या पायाचा डॉप्लर करून घेऊ.