दुजेच्या ओहोटीला सायकल वाळूवर न्या

जासई, चिर्ले, गव्हाण या आपल्या पट्ट्यात घरोघरी जाड टायरच्या सायकली आल्या आहेत. पोरगं हट्ट धरतं, बाप हप्त्यावर घेऊन देतो आणि दोन महिन्यांत सायकल जिन्याखाली जाऊन पडते. का, तर म्हणे जड चालते.

डांबरावर ती जड चालणारच. चार इंची टायर निघाला तो अलास्कातल्या बर्फासाठी आणि अमेरिकेतल्या वाळवंटासाठी. तिथल्या हौशी माणसांनी आधी घरच्या घरी रुंद रिमा जोडून पाहिल्या. २००५ च्या सुमारास तशा सायकली कारखान्यातून तयार होऊन दुकानात येऊ लागल्या. आपल्याकडे बर्फ नाही, पण उरणच्या पश्चिमेला पीरवाडी, नागाव, केगाव इथे वाळू आहे आणि हिवाळ्यात समुद्रही शांत असतो. म्हणून सांगणं एवढंच, की या थंडीत ती सायकल जिन्याखालून काढा आणि वाळूवर न्या. मात्र पाण्याची वेळ बघून न्या.

ही वेळ काढायला मोबाइल लागत नाही. आपल्या कोळीवाड्यातली म्हातारी माणसं अजून तोंडी हिशेब करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. दुजेला दोनाचे पाऊण, म्हणजे दीड वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेसातला, पूर्ण ओहोटी. तिजेला तीच सव्वाआठला, चौथीला नऊला. हिशेबात थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज पक्का मिळतो. थंडीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा पुनवेनंतरची किंवा अवसेनंतरची दूज, तीज, चौथ या सकाळी आपल्या. उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर मागे जातं आणि ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. अष्टमीपासून एकादशीपर्यंत सकाळी सहा ते सव्वाआठच्या दरम्यान पाणी भरलेलं असतं, तेव्हा घरीच थांबा. ओहोटीच्या तासभर आधी वाळूवर उतरा आणि ओहोटीनंतर दीड तासात बाहेर पडा. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यावर चालत गेलेली माणसं भरतीत अडकतात, ती परतायची वेळ न पाळल्यामुळेच.

आता हवेचं बघा. सायकल जड चालते म्हणून लोक टायर दगडासारखा फुगवतात आणि तसाच वाळूवर घालतात. मग चाक रुततं. रस्त्यावर पंधरा ते वीस पीएसआय हवा पुरते. ओल्या घट्ट वाळूवर ती आठ-दहावर आणा, कोरड्या भुसभुशीत वाळूवर पाच-सहावर. गेज नसेल तर अंगठ्याने दाबून बघा, टायर सहज आत गेला पाहिजे. हवा कमी केली की टायर उंटाच्या तळव्यासारखा पसरतो, तुमचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वरच्यावर चालतं. परतताना डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून हातपंप सोबत ठेवा. अशा वेळी पेट्रोल पंपावर जाणार असाल तर आकडा तुम्हीच सांगा, नाहीतर तिथला माणूस मोटरसायकलएवढी हवा भरून देईल.

वाळूवर चालते म्हणून चिखलातही चालेल, असं समजू नका. जासईच्या बाजूची खाडी म्हणजे तिवरं, मिठागरं आणि गाळ. त्या गाळात माणूस मांडीपर्यंत जातो, तिथे चार इंचांचं काय चालणार! शिवाय तिवरांची नासधूस करायला कायद्याने बंदी आहे. खाडीच्या मुखातून सायकल उचलून पलीकडे जायचं धाडस तर कुणीच करू नये.

सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, हलका असतो. दहा-अकरानंतर खारा वारा सुटतो आणि वायव्येकडून तोंडावर बसतो. म्हणून जायचं उत्तरेला आणि यायचं दक्षिणेला, म्हणजे दमल्यावर वारा पाठीशी मिळतो.

किनारा मोकळा दिसला तरी तो कुणाच्या तरी कामाची जागा असते. सुकट पसरलेली असेल, बोंबील वलांडीवर असतील, जाळी वाळत घातलेली असतील, तिथे उतरून चालत जा आणि तिथल्या बाईला ‘मावशी, इथून जाऊ का?’ एवढं विचारा. थंडीत परदेशातून आलेले कुरव आणि चिखल्ये पाण्याच्या कडेला थव्याने बसलेले असतात. थव्यातून सायकल घालून त्यांना उडवण्यात कसली मर्दुमकी? एवढ्या लांबून आलेल्या पाखरांना खाण्यासाठी ओहोटीचे थोडेच तास मिळतात. लांबून वळसा घाला.

घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवा, पण जोराच्या फवाऱ्याने नको, त्याने बेअरिंगमध्ये पाणी घुसतं. बादली आणि फडकं पुरतं. चेन कोरडी करून तेल द्या. एवढं न केल्यास खारं पाणी आठवड्यात चेन गंजवतं. लाटेत सायकल घालून फोटो काढायची हौस तर फार महागात पडते.

राहिला रस्ता, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. जासईहून उरणला जायचं तर बंदराच्या कंटेनर ट्रेलरांमधून जावं लागतं. कडेला ट्रेलर उभे, त्यांना वळसा घालायला सायकल मधल्या लेनमध्ये, मागून दुसरा ट्रेलर. शाळकरी पोरांना या रस्त्याने एकटं पाठवू नका. टेम्पोत सायकली घालून मोठ्या माणसासोबत न्या. १२ जानेवारी २०२४ ला आपल्या दाराशी अटल सेतूचं उद्घाटन झालं. पूल २१.८ किलोमीटरचा, पण सायकलला त्यावर मज्जाव. एवढे रस्ते झाले, ते आपल्याच जमिनींवर झाले. या जमिनींसाठी लढलेले शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील जासईचेच. १६ जानेवारी १९८४ ला इथे दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघरला जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्या झेलून पाच माणसं गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची वाट मोकळी झाली. त्या गावाने आपल्या लेकरांसाठी रस्त्याच्या कडेचा सहा फुटांचा पट्टा मागितला तर ते जास्त मागणं होत नाही.

तेव्हा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. सेवा रस्त्यालगत सायकलींसाठी वेगळा, कठडा घातलेला पट्टा हवा आणि कडेला ट्रेलर उभे करायला बंदी हवी. दोन्ही गोष्टी ठरावात स्वच्छ लिहा, खाली बायांच्या आणि कॉलेजच्या पोरींच्याही सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.