पेशीतील वीजघर आणि कमलाबाई

ठाकुर्लीच्या जुन्या रहिवाशांना वीजघराचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२९च्या सुमारास चोळे येथे उभारलेल्या औष्णिक वीजकेंद्राने विजेवरील गाड्यांना कित्येक दशके बळ पुरविले. आज ते बंद आहे. परंतु तेथील बिघाडाची झळ मैलोगणती दूर फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला बसणार, हे इथल्या माणसाला उपजतच कळते.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत अशीच वीजघरे आहेत. शास्त्रज्ञ त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, मराठीत तंतुकणिका. अन्नातील ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने पेशीच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणणे, हे त्यांचे काम. ते बिघडले की आधी हाक ऐकू येते ती मेंदू, डोळे, स्नायू आणि हृदय यांची, कारण ऊर्जेची भूक त्यांनाच अधिक. विशीतला धडधाकट तरुण काही आठवड्यांत दृष्टी गमावतो, असा 'लेबर' नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याचे मूळ तंतुकणिकेच्या जनुकात असल्याचे १९८८ मध्ये सिद्ध झाले.

ही जनुके अपत्याला आईकडूनच मिळतात. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून निघाले की आपल्या घराघरांत काय घडते, ते सांगायला नको. 'माहेरूनच आणले' हा शेरा ठरलेला! वास्तविक तंतुकणिकेला हजाराहून अधिक प्रथिने लागतात. तिच्या स्वतःच्या जनुकांतून त्यांपैकी अवघी तेरा घडतात. उरलेल्या प्रथिनांची जनुके पेशीकेंद्रात असतात, म्हणजे ती आई-वडील दोघांची. त्यामुळे यांतील अनेक विकार दोघांकडून मिळून येतात. आणि जे केवळ आईकडून येतात, त्यांतही तिचा अपराध कोणता? तिलाही ते तिच्या आईकडूनच मिळालेले असतात. ज्ञान अर्धवट असले की त्याचे शस्त्र होते, आणि ते बहुधा सुनेवरच चालते.

हे ज्ञान ज्यांनी उभे केले, त्यांत एक मराठी स्त्री होती. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन त्या १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कारण एकच, स्त्री. रामन यांच्या प्रतिभेविषयी आदर बाळगूनही हे म्हटलेच पाहिजे की, येथे ते चुकले. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. (दुर्गाबाईंनी १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध जो ताठ कणा दाखविला, तो घरचाच होता म्हणायचा.)

पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी हाती घेतला बटाटा. वनस्पतींच्या पेशीही प्राण्यांप्रमाणे श्वसन करतात काय, हा प्रश्न होता. प्राण्यांच्या श्वसनातील 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य वनस्पतींतही असल्याचे त्यांनी दाखविले, आणि त्यावरील अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. हेच द्रव्य वीजघरात इलेक्ट्रॉन वाहून नेणारा हमाल आहे. ते वीजघर म्हणजे तंतुकणिका, हे मात्र जगाला १९४८-४९ मध्ये कळले. 'बटाट्याच्या संशोधनाचा उपयोग काय?' असे त्या वेळी कुणी विचारले असते, तर काय उत्तर देणार? आज लहान मुलाच्या स्नायूचा तुकडा तपासताना त्याच श्वसनसाखळीची एकेक कडी पारखली जाते. मूलभूत संशोधनाकडे तिमाही नफ्याच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

परदेशात राहणे त्यांना सहज शक्य होते. त्या परतल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकविताना त्यांनी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून नीरेचा अभ्यास केला. आदिवासी कुपोषित बालके आणि गर्भवती स्त्रियांना तिचा लाभ होतो, हे दाखवून दिले. निवृत्तीनंतरही ग्राहक चळवळीत त्या अन्नातील भेसळ उघडकीस आणीत राहिल्या.

१९९८ मध्ये त्या गेल्या. राजधानीत त्यांचा सत्कार झाला तोही त्याच वर्षी, वयाची ऐंशी कधीच उलटल्यावर.