विसण घातले, पाणी ढवळले का?

थंडीच्या दिवसांत घरातील वडीलधाऱ्यांच्या स्नानासाठी बादलीत कढत पाणी काढले जाते, त्यात विसण घातले जाते आणि ‘पाणी तयार आहे’ अशी हाक दिली जाते. या तयारीतील एक पायरी मात्र पुष्कळदा राहून जाते. ती म्हणजे पाणी तळापासून ढवळणे.

पाणी तापले की ते प्रसरण पावते. वजन तेवढेच राहते, जागा मात्र अधिक व्यापली जाते. म्हणजेच घनता घटते. २० अंश सेल्सिअस तापमानाचे एक लिटर पाणी सुमारे ९९८ ग्रॅम भरते, तर ६० अंशांचे सुमारे ९८३ ग्रॅम. फरक अवघा १५ ग्रॅमचा. परंतु ऊन पाणी वर राहावे आणि गार पाणी तळाशी बसावे, यास तो पुरेसा असतो. गच्चीवरील सौरबंबात तापलेले पाणी पंपावाचून वरच्या टाकीत चढते, ते याच नियमाने.

बादलीतही हेच घडते. बाहेरून हात लावल्यास बादलीचा तळ कोमट लागतो, पण पहिला तांब्या भरतो तो वरच्या कढत थराचा. स्नान चालू असताना ‘पाणी निवले’ म्हणून वरून आणखी ऊन पाणी ओतले, तर धोका वाढतोच. उतारवयात त्वचा पातळ झालेली असते. दीर्घकाळ मधुमेह असल्यास पायांची संवेदना मंदावलेली असू शकते. चटका बसला हे कळण्यापूर्वीच इजा होऊन जाते. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजू शकते.

म्हणून एवढे पाळावे. बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग ऊन पाणी मिसळावे. तांब्या तळापर्यंत नेऊन पाणी चार-पाच वेळा वर-खाली करावे. त्यानंतर शुश्रूषा करणाऱ्याने आपल्या कोपराने पाणी पाहावे. ते सुखद कोमट लागले पाहिजे. विजेच्या रॉडने पाणी तापवीत असाल, तर बटण बंद करून, पिन काढून आणि रॉड बाहेर घेऊनच पाण्याला हात लावावा. मधुमेही व्यक्तीचे पाय ऊन पाण्यात बुडवून शेकणे टाळावे.

तरीही भाजलेच, तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट वा हळद लावू नये. फोड आल्यास, अथवा व्यक्ती वृद्ध वा मधुमेही असल्यास, डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

ढवळण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. भाजलेल्या पायाची जखम भरण्यास मात्र कित्येक आठवडे जातात. उद्या सकाळी हाक देण्यापूर्वी तांब्या एकदा तळाशी नेऊन पाहा.