टक्क्यांचा वकील

निलंग्याच्या कोर्टात अपघाताच्या तारखेला आलेले घर लगेच ओळखू येते. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दवाखान्याची बिले नि फिर्यादीची नक्कल, आणि मनात एकच घोर : वकीलसाहेब किती घेतील?

उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून घरचा कर्ता अंथरुणाला खिळला की दारात कोणीतरी येतोच. "आता काही देऊ नका, भरपाई आली की इतके टक्के द्या." ऐकायला गोड लागते. अमेरिकेत असा करार चालतो. आपल्याकडे मात्र निकालावर फी ठरवायला वा भरपाईत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. तेव्हा कोऱ्या कागदावर सही करू नका. फी आधी ठरवा, पावती मागा. आणि 'पेशंट घरी आल्यावर बघू' म्हणून बसू नका. मोटार अपघाताचा दावा सहा महिन्यांत लावावा, असे १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात आहे.

लेकीवर अत्याचार झालेल्या घराची पिशवी याहून जड. तिथे फीच्या आधी अब्रू आडवी येते, आणि गावातले चार शहाणे 'मिटवून टाका' म्हणतात. त्यांना देसाईगंजची हकिकत सांगावी. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी नेली गेली. बाहेर घरची माणसे उभी, आत दिवे मालवलेले, दार बंद. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूरला उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत! अहो, ठाण्यातच पोलिसाशी झटापट करायची कुणाच्या बळावर?

वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी व लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून हेच विचारले. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने तसेच धरून चालायचे. तिचे नाव छापणे गुन्हा ठरले. त्या मुलीच्या पदरात मात्र काही पडले नाही. वसुधाताईंनी पुढे दिल्लीत 'मार्ग' ही संस्था काढून साध्या माणसाला कळेल असा कायदा सांगण्यात उमेद घालवली.

आता कामाचे बोलू. अत्याचाराचा खटला सरकारी वकील चालवतो, हे खरे. पण कोर्टाच्या परवानगीने त्याच्या मदतीला आपला वकीलही देता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खर्चाचे म्हणाल तर बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना वकील फुकट मिळतो, मग घरी दहा एकर असो वा एक गुंठा. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. तिथे जा, किंवा १५१०० वर फोन करा. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तिथलेच लोक लिहून घेतात, आपण अंगठा द्यायचा.