चहाच्या बाटलीत चहा कुठाय?

परवा मोठ्या जाऊबाईंना दवाखान्यात नेलं होतं. परतताना ऊन असं, की सांगोल्याच्या स्टँडपर्यंत चालवेना. वाटेत नव्यानं निघालेल्या मार्टात शिरलो. काचेच्या फ्रीजमध्ये थंड चहाच्या बाटल्या मांडलेल्या. वर हिरवीगार पात, लिंबाची फोड आणि ठळक अक्षरात ‘हर्बल टी’. जाऊबाईंना शुगर आहे. म्हणाल्या, “कोल्ड्रिंक नको बाई, ह्यो चहाच हाय. त्यात दूध बी न्हाई.” साठ रुपये मोजले. तेवढ्यात स्टँडवर सहा कप आले असते.

चव छान होती, खोटं कशाला बोलू? पण चहाची नव्हे, सरबताची. म्हणून बाटली उलटी केली. मागची अक्षरं मुंगीएवढी आणि सगळी इंग्रजी. मोबाइलवर फोटो काढला, मोठा केला, तेव्हा कुठं वाचता आलं. आधी पाणी, मग साखर, मग लिंबाचा रस, शेवटी गवती चहाचा अर्क. नियमाप्रमाणं जे वजनाला जास्त ते आधी लिहावं लागतं. चहापत्तीचं तर नावच नाही! शंभर मिलीत ८ ग्रॅम साखर. बाटली ३५० मिलीची. म्हणजे २८ ग्रॅम, जवळजवळ सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते, धडधाकट माणसानंही दिवसभरात वरची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. जाऊबाईंच्या हातातली बाटली तोवर निम्मी झाली होती.

डिसेंबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, बजावलं की चहाच्या झाडापासून जे बनतं त्यालाच ‘चहा’ म्हणायचं. बाकीच्या पाल्याफुलांच्या काढ्यांना हे नाव लावायचं नाही. वाचून मला हसू आलं होतं. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या ‘गवती चहा’ म्हणतो! पण परसातली पात तोडून उकळणारीला आत काय आहे ते ठाऊक असतं. बाटली घेणारीला फक्त नाव दिसतं.

नावावर केवढा भरवसा टाकतो आपण! ‘ओआरएस’ लिहिलेली गोड पेयं जुलाब लागलेल्या लेकरांना पाजली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये ते नाव वापरायला बंदी आली.

पण नुसतं नाव बदलून साखर कमी होत नाही. ती लिहिलेली असते मागं, आणि कायद्यानं लेबल इंग्रजी किंवा हिंदीत असलं की भागतं. मराठी लिहिली तर लिहिली, सक्ती नाही. आमच्या बचत गटातल्या बायका पापडाच्या पुडीवर सगळं मराठीत छापतात, मग एवढ्या मोठ्या कंपन्यांना काय जड आहे? साखर-मीठ जास्त असल्याचा इशारा पाकिटाच्या पुढच्या बाजूलाच असावा, या मागणीवर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये तीन महिन्यांची मुदत दिली होती. ती मुदतही पुढं गेली.

गटाच्या बैठकीत मी ती बाटली ठेवली आणि शेजारी ताटलीत सहा चमचे साखर ओतली. बायका गप्पच झाल्या. एकीनं विचारलं, “आन् पोरांच्या आंब्याच्या बाटलीत किती असल?” दोघी लगेच घरी जाऊन बाटली घेऊन आल्या.

आमची रिकामी बाटली मात्र जाऊबाईंनी टाकू दिली नाही. धुऊन, पाणी भरून फ्रीजमध्ये ठेवलीय.