पाण्यात उभा, तरी तहानलेला

फराळाचे डबे भरण्याच्या गडबडीत विज्ञानाचे सदर वाचणार कोण, अशी शंका मला दर दिवाळी अंकाच्या वेळी येते. म्हणून या खेपेस सुरुवात स्वयंपाकघरातच करतो. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातले की घटकाभरात तिला पाणी सुटते. म्हणूनच जाणती गृहिणी मीठ अगदी पाने वाढताना घालते. उलट, शिऱ्यात टाकावयाचा बेदाणा पाण्यात भिजत घातला, तर तो टम्म फुगतो. एकीकडे पाणी बाहेर येते, दुसरीकडे आत शिरते, आणि दोहोंचे कारण मात्र एकच आहे.

ते कारण मला समजावून सांगावे लागले इस्लामपुरास, बहिणीच्या घरी. भाची पेशीचा धडा पाठ करीत बसली होती. केंद्रक, रिक्तिका, तंतुकणिका, सारे घडाघडा म्हणून झाले आणि मग तिने विचारले, "मामा, आमच्या खालच्या रानात ऊस पाण्यात उभा आहे, तरी वाळतो कसा?" धड्याखालच्या स्वाध्यायात असला प्रश्न नव्हता. म्हणूनच तो मला आवडला.

1665 साली इंग्लंडात रॉबर्ट हूक याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यास मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. हूकने पाहिली ती रिकामी घरे. राहणारे केव्हाच निघून गेले होते! भरलेले घर पाहावयाचे तर कांद्याच्या पाकळीचा आतला पापुद्रा सोलावा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा आणि वर आयोडीनचा एक थेंब द्यावा. विटांच्या बांधकामासारखी रचना दिसते आणि विटेविटेत एक ठिपका. तो केंद्रक, पेशीच्या साऱ्या कारभाराची चोपडी त्याच्यापाशी.

आपल्याला आज काम आहे ते मात्र घराच्या भिंतीशी. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून जाड पेशीभित्तिका असते. ती पाणी अडवीत नाही, मीठही अडवीत नाही. खरा द्वारपाल तिच्या आतल्या अंगाचे पेशीपटल. ते पाण्याला सहज वाट देते. मीठ-साखरेस मात्र सहसा दारातच थोपविते. आता पटलाच्या एका बाजूस पातळ पाणी आणि दुसरीकडे घट्ट द्रावण असले, की पाणी पातळाकडून घट्टाकडे जाते. यास परासरण म्हणतात. 1748 साली फ्रान्सात नोले नावाच्या पाद्र्याने मद्यार्काने भरलेले जनावराचे मूत्राशय पाण्यात बुडविले आणि ते फुगून ताठ झालेले पाहिले, तेव्हापासून हा प्रकार शास्त्रज्ञांच्या नजरेत आहे. आमच्या आज्यांना तो लोणच्याच्या फोडींवरून त्याआधीपासून माहीत असावा!

भाचीला मी बटाट्याच्या दोन चकत्या कापावयास लावल्या. एक साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात. तासाभराने पहिली कडक, आणि दुसरी चिंधीसारखी लुळी. मिठाने पेशीतले पाणी ओढून घेतले, आतला ऐवज आकसून भित्तिकेपासून सुटला. पुस्तकात यालाच रससंकोच म्हटले आहे.

मग आम्ही रानात गेलो. वाळवा, मिरज आणि शेजारचा शिरोळ या तालुक्यांत काळी, चिकट, पाण्याचा निचरा न होणारी जमीन पुष्कळ. कृष्णेचे पाणी उपसून आले, ऊस आला, सुबत्ता आली, हे कोणी नाकारू नये. परंतु पाणी सोडण्यावर धरबंध राहिला नाही. जमिनीतली पाण्याची पातळी वर चढली, खालचे क्षार सोबत वर आले; पाणी उन्हाने उडाले आणि क्षार मागे राहिले. क्षारपड रान म्हणतात ते हेच. बांधावर पांढरी पूड दिसते. एरवी मुळांच्या पेशींतला रस मातीतल्या पाण्याहून घट्ट असतो म्हणून पाणी आत शिरते. माती खारी झाली की तो ओघ मंदावतो, अतिच झाले तर उलटतो. उसाची स्थिती त्या लुळ्या चकतीची! शिवाय चिखलात मुळांना हवा मिळत नाही. तंतुकणिका या पेशीच्या चुली. प्राणवायूवाचून त्या नीट पेटत नाहीत.

अशा रानाला आणखी पाणी पाजून क्षार धुऊन जात नाहीत, कारण धुतलेल्या पाण्याला जावयास वाट नसते. ती वाट करून द्यावी लागते. सुमारे मीटर-सव्वा मीटर खोल सच्छिद्र पाइप पुरावयाचे आणि ते चरीला नाही तर ओढ्याला जोडावयाचे. सांगलीजवळ कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे. तेथे या निचऱ्यावर काम झाले आहे. खर्च एकट्या शेतकऱ्यास पेलत नाही, आणि शेजाऱ्याने पाणी तुंबविले तर आपला पाइप काय करणार? म्हणून शिवारच्या शिवार एकत्र यावे लागते. तेच अधिक अवघड, असे माझे मत झाले आहे.

ओढ्याच्या काठी भाची थबकली. "मामा, हे खारे पाणी ओढ्यातून कृष्णेत जाणार. मग खालच्या गावांनी उपसलेल्या पाण्यातही ते असणारच ना?"

असणार, मी म्हटले. नदीच्या मोठ्या पाण्यात ते पातळ होते. पण उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा किती पातळ होते, ते मोजावे लागेल. बाटलीत नमुना भरून घेऊ, म्हणाली. आम्ही दोन भरले. एक पाइपाच्या तोंडचा, एक नदीचा.