मोशन गेमची रॅकेट घ्यावी का?

सुट्टीत व्हाइटफील्डला घरी गेलो की सोसायटीतली लहान मुलं विचारतात, "दादा, मोशन गेमसाठी रॅकेट आणि बॅट घ्यावी का?" माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नये.

२००६ साली निन्टेन्डोचा 'वी' आला, तेव्हापासून असं सामान विकलं जातं. हालचाल ओळखणारा सेन्सर रिमोटमध्ये असतो. रॅकेट म्हणजे बहुधा त्यावर चढवलेली प्लॅस्टिकची खोळ. ती लावली तरी खेळ तोच, गुणही तेवढेच. शिवाय अनेक खेळांत सोफ्यावर बसून नुसता मनगटाला झटका दिला तरी जिंकता येतं. खऱ्या बॅटचं वजन खांद्याला कळतं, चुकलेला फटका हाताला झिणझिण्या आणतो. ही शिकवण प्लॅस्टिक देत नाही.

नवलाईही टिकत नाही. मायक्रोसॉफ्टचा 'कायनेक्ट' नोव्हेंबर २०१० मध्ये आला. पहिल्या ६० दिवसांत सुमारे ८० लाख विकले गेले. २०१७ मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं.

मात्र दुसरा रिमोट जरूर घ्या. त्यामुळे आजोबाही खेळायला बसतात. पालकांनो, रॅकेटच घ्यायची तर खरी घ्या, आणि संध्याकाळी मुलांबरोबर खाली उतरा.